तिच्या हाताला कुणाचं माप?

मी एक जुना खुंट्यांचा पाट आहे. जेवायला बसायचा नव्हे, मित्रांनो, दवाखान्यातला! माझ्या अंगभर खाचा आहेत. डॉक्टर घड्याळ लावतात आणि समोरचा माणूस एकेक पितळी खुंटी माझ्यात बसवतो. त्याला किती वेळ लागला, यावरून त्याचा मेंदू आणि हात कसे चाललेत ते कळतं. निदान कळायला हवं.

आमच्याकडे एचआयव्ही झालेली माणसं येतात. रोज गोळ्या घेतल्या की ती कामधंदा करत छान जगतात. त्यांच्या शेजारी बसून कुणाला काही होत नाही, हेही सांगून ठेवतो. पण तो विषाणू कधीकधी मेंदूला त्रास देतो. विसरायला होतं, हात मंदावतात. ते वेळीच ओळखावं म्हणून सुताराने मला घासूनपुसून बनवलं. "पाट खोटं बोलत नाही," असं डॉक्टर म्हणायचे आणि मी फुगायचो.

माझ्यासोबत एक तक्ता आला होता. किती वेळात खुंट्या बसल्या म्हणजे माणूस ठीक, ते त्यावर लिहिलेलं. हे माप ज्यांच्यावरून काढलं, ते झाडून सगळे पुरुष! बायकांनाही मेंदू असतो आणि त्यांची बोटं बहुधा पुरुषांपेक्षा चपळ चालतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

एकदा एक जोडपं आलं. तो ट्रक चालवायचा, ती कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. आजार दोघांनाही, आणि विसरभोळेपणाही दोघांना लागलेला. तो माझ्यासमोर बसला आणि रखडला. लगेच त्याच्या तपासण्या झाल्या, गोळ्या बदलल्या, काही महिन्यांत गडी सुधारला. चांगलंच झालं.

मग ती बसली. बोटं अडखळत होती, एक खुंटी खालीही पडली. तरी नवऱ्यापेक्षा कमी वेळात तिचं झालं. डॉक्टरांनी तक्ता पाहिला. तिचा वेळ त्या मापात बसत होता.

"वा बाई, तुम्ही तर ठणठणीत आहात!"

"अहो डॉक्टर, मी डोळे मिटून बटणं लावायचे. आता सुई ओवता येईना. परवा बटणं उलट्या बाजूला लावली. मुकादम म्हणाला, पुन्हा असं झालं तर घरी बसायचं."

"घर, मूल, नोकरी... बायकांचं असं होतंच. टेन्शन घेऊ नका."

"डॉक्टर, ही माझ्या चौपट चपळ होती हो," नवरा कळवळून म्हणाला.

"आजही तुमच्या पुढेच आहे की!" डॉक्टर हसले.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, ती नवऱ्याशी शर्यत लावायला आली होती का? ती पूर्वी कुठे होती आणि आता कुठे घसरली, ते कोण बघणार? मला तोंड असतं तर चांगलं खडसावलं असतं!

पुढे पडद्यावर चाचणी घेणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी दवाखान्यातल्या मुलांच्या खेळण्यांत झाली. यंत्र नवं, माप मात्र तेच. तिला कारखान्याने घरी बसवलं. तरी ती गोळ्या न्यायला येत राहिली आणि दर वेळी तेच सांगत राहिली. ऐकतो कोण?

एक दिवस तिच्या लेकीने मला उचललं. "आई, चल, शर्यत!" आई खाचा चाचपडत होती आणि लेक जिंकून टाळ्या पिटत होती. नव्या डॉक्टरीणबाई जाता जाता थबकल्या. आईजवळ येऊन बसल्या.

"ताई, पूर्वी तुम्ही हे किती भरभर केलं असतं?"

तिच्या हातातली खुंटी तशीच राहिली. डोळे घळाघळा वाहू लागले. "एवढंच कुणीतरी विचारावं, म्हणून इतकी वर्षं येतेय हो," ती म्हणाली. "माझ्या लेकीला वाटतं, तिची आई पहिल्यापासून अशीच आहे."

आता तिच्याही तपासण्या होऊन नवे उपचार सुरू झालेत. बोटं थोडी वळतात. नोकरी गेली, ती गेलीच.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, कोपऱ्यात पडलोय तसा राहीन. पण उद्या तुमची आई म्हणाली, "हल्ली मला जमत नाही गं," तर तिला बाबांशी ताडून पाहू नका. पूर्वी कसं जमायचं, ते तिलाच विचारा. आणि ती सांगेल ते खरं माना.