विजयमालाबाईंची खार

"गेली! परत गेली विहिरीत!" बन्सी शिपाई ओरडला आणि मी माऊस टेबलावर आपटला. माझी ही अकरावी खार.

१९९६च्या मे महिन्यात आमच्या जामखेडच्या दूध संघात पहिला कॉम्प्युटर आला. शिकवायला नगरहून प्रवीण नावाचा मुलगा आला. माऊसची सवय व्हावी म्हणून त्याने एक खेळ घालून दिला होता. पडद्यावर फळ्या, धोंडे, शिड्या, आणि त्यांच्यावरून एक खार आपल्या मनाने चालत असते. तिला थांब म्हणता येत नाही, वळ म्हणता येत नाही. आपण फक्त फळ्या नि धोंडे इकडचे तिकडे करायचे. मध्ये विहीर, पलीकडे पेरू. विहिरीवर दोन फळ्या जोडेपर्यंत ही बया तुरुतुरु येऊन बुडायची. आमचे मॅनेजर म्हस्के साहेब, त्यांच्याही बऱ्याच बुडाल्या, पण ते आकडा सांगत नसत.

विजयमालाबाई साळवे यात नव्हत्या. सतरा वर्षं त्या संघाच्या टायपिस्ट. "बाई, या गोष्टीला आता तुमचं वय झालं," असं म्हणून साहेबांनी त्यांना कॉम्प्युटरपुढे बसूच दिलं नव्हतं. बाईंचं वय पंचेचाळीस. साहेबांचं एकावन्न.

शनिवारी सकाळी साहेबांनी हाताने लिहिलेला एक कागद त्यांच्यापुढे टाकला. "एवढं टाईप करून द्या." तो बाईंच्याच बदलीचा हुकूम होता. टाईप करणारं दुसरं कुणी नव्हतंच. खर्डा गावच्या संकलन केंद्रावर पहाटे दूध मोजायचं आणि सतरा वर्षांची खुर्ची सोडायची. कारण लिहिलं होतं, 'संगणक हाताळता येत नाही.'

बाईंनी कागद दोनदा वाचला.

"साहेब, ह्यात खोटं हाय."

"काय खोटं?"

"मला येत न्हाई, हे तुमाला कसं कळलं? हात तरी लावू दिलाय का?"

साहेब हसले. "लावा की मग. खार पलीकडं नेऊन दाखवा."

बाई बसल्या. खरं सांगतो, आम्हाला त्यांची कीव आली, आणि ती कीव केल्याची मला आजही लाज वाटते.

माऊस पहिल्यांदा टेबलावरून खालीच लोंबकळला. बन्सी फिसकन हसला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा आणायला निघून गेला. पहिली खार बुडाली, दुसरी बुडाली. तिसऱ्या वेळी मात्र बाई फळीला हात न लावता तिची चाल नुसती बघत राहिल्या.

"धोंडा लागला की माघारी फिरती व्हय ही?" त्यांनी प्रवीणला विचारलं.

"हो, पण धोंडे बाजूला काढायचे असतात, बाई. ते अडचण म्हणून आहेत."

"असू दे."

चौथ्या वेळी त्यांनी विहिरीकडे पाहिलंच नाही. एक धोंडा खारीच्या पुढे ठेवला, एक मागे. खार मधल्या मध्ये येरझाऱ्या घालू लागली. बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग सावकाश एक फळी आणली, दुसरी आणली.

"आमची आई दुसऱ्याच्या शेळ्या वळायची," पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "वढा आला की आधी करडं डालग्याखाली कोंडायची, मंग धोंडे टाकून वाट करायची. करडाला वढत न्यायचं नसतंय. तुमी लई शिकलेली मानसं, पन करडामागं कुनी फिरला न्हाई तुमच्यातला."

त्यांनी पुढचा धोंडा उचलला. खार फळ्यांवरून थेट पेरूपाशी गेली. प्रवीणने टाळ्या वाजवल्या. मग आम्हीही.

"खेळ तो खेळ," साहेब म्हणाले. "हुकूम तेवढा टाईप करा."

बाई टाइपरायटरवर बसल्या. पाच मिनिटांत कागद साहेबांपुढे. नाव, हुद्दा, केंद्र, तारीख, सगळं बिनचूक. कारणाच्या जागी चार ओळी कोऱ्या.

"हे राहिलं की."

"ते तुमी लिवा. सतरा वर्सं तुमचं सगळं टाईप केलं, हे करनार न्हाई. आत्ता सगळ्यांनी बघितलंय. तुमच्या हातानं लिवा आन् सही करा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आम्ही सहा जण उभे होतो आणि एकही जागेवर गेला नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तसा घाबरट माणूस. साहेबांनी पेन कागदावर टेकवलं, आमच्याकडे पाहिलं, टोपण परत लावलं.

"सोमवारी बघू."

सोमवारी मी पोचलो तेव्हा हुकूम पेपरवेटखाली तसाच पडला होता, कोऱ्या ओळींसकट. बाई कॉम्प्युटरपुढे बसून मान खाली घालून काम करत होत्या. थोड्या वेळाने साहेब आले. रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे उठलो. बाई उठल्या नाहीत.

"नमस्कार साहेब," त्या म्हणाल्या. "लई उकडतंय. पंखा लावता का? बटन तुमच्याकडंच हाय."

साहेब दारात क्षणभर थांबले. मग त्यांनी पंखा लावला.