बाबा थांबतात ती जागा

बाप ऐन भरात आला की राखी बोट ठेवून त्याला गप्प करत होती. मोबाइलवरच्या बापाला. खरा बाप, रामराव, गोठ्यात कडबा टाकत होता, आणि तो गेली कित्येक वर्षं गरजेपुरतंच बोलत आला होता.

राखीची आई, शालूबाई, उंबऱ्याशी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

राखीला उद्या जळगाव जामोदच्या कॉलेजात एका गाजलेल्या भाषणाची फोड करून दाखवायची होती. लोकांना कशाने पटलं, वक्त्याने हिशेब कुठे मांडला, काळजाला हात कुठे घातला. बाकीच्या पोरींनी मोठमोठे पुढारी शोधले. हिच्या घरातच भाषण होतं. धरणासाठी गाव उठवायचं म्हटल्यावर कुणी हलेना, तेव्हा रामराव पारावर उभा राहिला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या देवानंदने ते टिपून घेतलं. पुढे जिथे जिथे गावं उठली, तिथे तिथे ते ऐकवलं गेलं. सगळ्या गावाला पटलं. शालूबाईला पटलं का, हे कुणी विचारलं नाही.

ते भाषण लागलं की तिला काहीतरी काम निघायचं आणि ती उठून जायची. आज मांडीवर शेंगांनी भरलेलं सूप होतं.

“आपलं जे हाये, ते आपल्यासंगं येते,” मोबाइलमधला रामराव म्हणाला आणि थांबला. चांगलाच थांबला. “मागं राह्यते ते निस्ती माती.”

टाळ्या.

त्या निस्त्या मातीत, नदीच्या उतारावर बाभळीखाली, त्यांचं पहिलं लेकरू होतं. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. बारसंही झालं नव्हतं, त्यामुळे मनातल्या मनात हाक मारायचीही सोय नव्हती. राखीला यातलं काही ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात धरण ओसरलं की जुन्या देवळाचा कळस वर येई, बायका हात जोडत. उतार कधी वर आला नाही. शालूबाई धरणाकडे पाठ करूनच तुळशीपाशी दिवा लावायची, तरी पदराला मागून कुणी धरलंय असं वाटून मधेच थबकायची.

असं बोलणाऱ्या माणसाला तिने इतकी वर्षं दोन्ही वेळा गरम वाढलं. त्याच्यासमोर बसून मात्र एक घास खाल्ला नाही.

“मॅडम म्हनते, असं थांबनं म्हंजे युक्ती असते. लोकायले ताणून धरा लागते,” राखी म्हणाली. “पन हे पाय, आई. बाबा लोकायकडं पाहूनच नाई राह्यले.”

“मंग?”

“बायकायकडं पाहून राह्यले. हे तू, खाली मान घालून बसेल. कोनीतरी वर पाह्यन म्हनून थांबल्यावानी वाट्टे.”

शालूबाईने शेंग तशीच ठेवली आणि पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं. तोंड अर्धवट उघडं ठेवून रामराव एका हिरव्या पदराकडे बघत होता. बघतच होता. पदर हलला नाही. मग त्याने डोळे मिटले आणि पुढचं वाक्य मिटल्या डोळ्यांनीच म्हटलं.

हात झटकत रामराव दारात आला, तसं राखीने त्यालाच विचारलं.

“बाबा, तुमी इथी काऊन थांबले होते?”

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“पानी पेलो असीन.”

राखी लिहू लागली. शालूबाईला पडद्यावर दिसत होतं, एका हातात माइक, दुसरा हात मोकळा. तांब्या कुठेच नव्हता.

तिने सूप बाजूला सारलं, माठातून तांब्या भरला आणि त्याच्यापुढे धरला.

“घ्या. तवाचं राह्यलं.”

रामराव उभ्याने कधी पाणी पीत नसे. तांब्या दोन्ही हातांत धरून तो उंबऱ्याशी खाली बसला. शालूबाईने सूप ओढून घेतलं आणि त्याच्यासमोरच बसली.