कोपऱ्यातलं सूप

घनसावंगीच्या बाजारातून द्वारकाबाई परतली ती काखेत बिनबुडाचा माठ घेऊन. कुंभारानं फेकायला काढलेला. "तुळस लावता यील की!" म्हणून बाईनं उचलला. दारात तुळशी आधीच दोन होत्या, पण तिला सांगणार कोण?

तिच्या घरात वारा न लागणारी जागा एकच, माजघराचा आतला कोपरा. अन् त्याच कोपऱ्यात वीस वर्षांत माणसाचं पाऊल पडलं नव्हतं. फुटक्या घागरी, तिफणीचे मोडके फण, उंदरांनी कुरतडलेल्या वाकळा, मेलेल्या सासऱ्याची काठी. "लागंल कवातरी," हे बाईचं ठरलेलं उत्तर. लागलं मात्र कधीच काही नाही.

आत येऊन पाहते तर कोपरा मोकळा! सून आसराबाई, नववा महिना लागलेला, पदर खोचून सारवत बसलेली. निम्मं सामान माजघरात, निम्मं परसातल्या उकिरड्यावर.

"अगं बाई, घर लुटलं का काय माझं! सूप कुठंय?"

"कोन्तं सूप, आत्याबाई?"

"तुटकं! खुंटीवरचं!"

उत्तराला न थांबता बाई परसात धावली. राख, शेण उपसून तिनं सूप काढलं, पदरानं पुसलं, अन् तिथंच बसून ढसाढसा रडली.

मागोमाग आलेल्या सुनेला मग तिनं सगळं सांगितलं. तिची पहिली तीन लेकरं गेली होती. एक प्लेगात, दोन तापानं. चौथा झाला तेव्हा त्याला ह्याच सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या साळूबाईनं उचललं, अन् पसाभर जोंधळे देऊन द्वारकाबाईनं आपलंच लेकरू विकत घेतलं. टाकलेलं पोर यमाला नको असतं म्हणतात. पोर जगलं. कचरू नाव ठेवलं. तोच आसराबाईचा नवरा. तेव्हापासून बाईचा हात काही टाकायला धजला नाही. एकदा टाकलेलं परत मिळालं. दुसऱ्यांदा मिळेलच असं थोडंच आहे?

"म्हाईत असतं तर हात लावला नस्ता," आसराबाई म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पर आत्याबाई, मला माय न्हाई, म्हणून मी हितंच बाळंत झाले. गेल्या सालच्या पुसात, थंडीच्या कडाक्यात, ओसरीवर, गोधडीच्या आडोशाला. वारं लागून लेकरू पाचव्या दिशी गेलं. ह्या सुपाला कोपऱ्यात जागा व्हती. माझ्या लेकराला नव्हती."

भांडणात कधी हार न जाणारी बाई, पण तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. ते लेकरू गेलं तेव्हा तिनं गावभर सांगितलं होतं, सटवाईनं कपाळी तेवढंच लिहिलं होतं म्हणून. चूक कुणाची, हे तिचं तिला ठाऊक होतं.

"तू बस, पोरी," ती म्हणाली. "बाकीचं मी काढते."

काढलं खरं. फेकलं मात्र नाही. उकिरड्यावरचंही वेचून आणून सगळं परसात कुडाला लावून ठेवलं. सवय का एका दिवसात सुटते?

महिन्याभरानं नातू झाला. कोपऱ्यात ऊब होती, वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. पाचवी पार पडली. दुसऱ्या दिवशी आसराबाई आपणहून म्हणाली, "आत्याबाई, ते सूप आना."

सूप शेणानं लिंपलं, बाळ त्यात घातलं, उकिरड्यावर ठेवलं. साळूबाई आता कमरेत वाकली होती, तरी आली अन् बाळ उचललं.

"काय देतीस, द्वारके?"

पदरात जोंधळे होते, ते दिले. मग बाईनं कुडाकडं पाह्यलं. "अन् ते समदं बी ने."

"अगं, ते घिऊन मी काय करू?"

"चुलीत घाल! पर जल्दी ने बाई, माझं मन फिरायच्या आत."

साळूबाई हसली, आसराबाई हसली. द्वारकाबाई मात्र नातवाला छातीशी धरून पुन्हा रडली.

"अन् हे?" आसराबाईनं सूप उचललं.

"ते ठिव. आता तुझंय ते."

आसराबाईनं ते कोपऱ्यातल्या खुंटीला अडकवलं. त्यासाठी तिला काहीच सरकवावं लागलं नाही.