लोकार्पणाची तारीख

भगवंतरावांचा जन्म एसटीत गेला. मोताळ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून चोवीस वर्षं काढली, आणि एकही गाडी वेळेआधी सोडली नाही. धाड गावची गाडी गच्च भरलेली असो, लोक शिव्या देवोत, हा माणूस आपला घड्याळाकडे बघत बसलेला.

निवृत्त होऊन शहरात घर बांधलं, तर समोर लेआउटची मोकळी जागा. नकाशात बगीचा, प्रत्यक्षात उकिरडा. झालं, भगवंतराव फाईल काखेत मारून निघाले. पाच वर्षं हेलपाटे. नगरपालिकेत साहेब भेटला तर निधी नाही, निधी आला तर फाईल सापडत नाही, फाईल सापडली तर साहेबाची बदली. बोलून बोलून तोंडाला फेस आला, तेव्हा कुठे कामाला मंजुरी मिळाली. मग ठेकेदाराच्या मानगुटीवर बसून कुंपणाची भिंत, चार बाकडी, थोडी हिरवळ आणि भोवती फरशीची सपाट वाट एवढं करून घेतलं. एवढ्याशा बगीच्यासाठी माणूस अर्धा झाला.

काम संपत आलं आणि भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या बायकोच्या, अन्नपूर्णाबाईंच्या अंगावरून वारं गेलं. जिवावरचं टळलं, पण डावा पाय ओढायला लागल्या. डॉक्टरांनी भगवंतरावांना बाजूला घेऊन सांगितलं, रोज सपाट जागेवर चालवा. पाय सुधारायचा तो मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत सुधारेल, पुढे अवघड आहे.

कॉलनीचा रस्ता म्हणजे नुसती खडी आणि उघडी नाली. अन्नपूर्णाबाई दारापासून तुळशीपर्यंत अकरा पावलं टाकायच्या आणि थांबायच्या. पुढे जागाच नव्हती. दिवाळीच्या आधी ठेकेदारानं बगीच्याच्या फाटकाची किल्ली भगवंतरावांच्या हातात दिली, तेव्हा त्या खुलल्या.

"सकाळी अंधारात उघडा," त्या म्हणाल्या. "दोन चकरा मारून घरात येऊ. कोणाले दिसते?"

"लोकार्पण व्हाचं आहे अजून," भगवंतराव म्हणाले. "आपणच नियम मोडला तं लोकं काय म्हणतीन? मी परवानगी काढतो."

आणि त्यांनी अर्ज दिला. रीतसर, दोन प्रतींत, पोच घेऊन. आठ दिवसांनी नगरपालिकेतला बाबू अविनाश यानं उत्तर हातात ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, अर्ज काऊन देला तुमी? गुपचूप उघडलं असतं तं कोणी विचारलं नसतं. आता कागद आला म्हनजे साहेबाले नाहीच म्हना लागते."

कागदावर लिहिलं होतं, लोकार्पणाशिवाय उद्यान वापरास खुले करता येणार नाही. भगवंतरावांनी तो फाईलला लावला. लावणारच, दुसरं येतं काय त्यांना!

मग निवडणूक लागली. आचारसंहिता आली, नगरपालिकेची माणसं येऊन कोनशिलेवरच्या नावांवर वर्तमानपत्र चिकटवून गेली. निकाल लागला, तर नवे लोक म्हणाले की शिलेवर जुनी नावं कशी चालतील? नवी शिला घडवायला टाकली. ती आली, तर मोठ्या साहेबांची तारीख मिळेना. भगवंतराव दर सोमवारी नगरपालिकेत जात, 'पुढच्या आठवड्यात पाहू' ऐकून परत येत. किल्ली खिशातच होती. मधल्या काळात हिरवळ वाळायला लागली, तर भिंतीवरून पाईप टाकून पाणी घातलं, पण फाटक उघडलं नाही.

जानेवारीत अन्नपूर्णाबाई हट्टानं रस्त्यावर गेल्या आणि खडीत पडल्या. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. त्यानंतर तुळशीपर्यंतसुद्धा जाईनात.

लोकार्पण झालं मार्च उजाडल्यावर. साहेब दोन तास उशिरा आले, फीत कापली, भगवंतरावांना शाल-श्रीफळ दिलं, 'यांच्या चिकाटीला तोड नाही' म्हणाले आणि गेले. शेजारच्या कोकिळाबाईंच्या मदतीनं भगवंतरावांनी अन्नपूर्णाबाईंना खुर्चीत बसवून आणलं आणि पहिल्याच बाकड्यावर टेकवलं. खांद्यावरची शाल काढून हात पुढे केला.

"चाल. मी धरतो. एकच चक्कर."

अन्नपूर्णाबाईंनी उठायचा प्रयत्न केला. उजवा पाय रोवला, डावा जागचा हललाच नाही. पुन्हा बसल्या.

"आता नाई होत हो," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच भगवंतरावांना सोसेना. "तवा होत होतं. तुमाले कोणं अडवलं होतं?"

भगवंतरावांना साहेब आठवले, अविनाश आठवला, आचारसंहिता आठवली. वाटेवर कॉलनीतली पोरं धावत होती, बायका फिरत होत्या, आणि जो तो भगवंतरावांना नमस्कार करून पुढे जात होता.

"मले कोणी नाई अडवलं," ते अखेर म्हणाले. "मीच तुले अडवलं."

अन्नपूर्णाबाईंनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला आणि त्यांना बसायला जागा केली.