रिझर्व्ह लागण्याआधी

थेंब्याचं चष्म्यांचं दुकान होतं. आठवडाभर तो लोकांचे डोळे तपासायचा आणि सुट्टीच्या दिवशी चार-पाच मित्रांबरोबर मोटरसायकलवर रानवाटा तुडवायला जायचा. थेंब्या हे नाव मित्रांनीच पाडलेलं. कुठेही जायचं ठरलं की पेट्रोलचा हिशेब त्याच्याकडे. ज्याची टाकी सगळ्यात लहान, त्याच्यावर सगळ्यांची मजल ठरायची. डांबरी रस्त्यावर गाडीचं अ‍ॅव्हरेज किती, कच्च्या वाटेवर किती, वाळूत दुसऱ्या गिअरमध्ये रखडत गेलो तर किती, समोरून वारा असला तर किती, हे सगळं तो थेंबाथेंबाने मांडायचा. टाकीतला एक हिस्सा जायला, एक यायला आणि एक वाट चुकायला, असं त्याचं म्हणणं. बाकीचे त्याची टिंगल करायचे, पण ऐकायचे. त्याच्याबरोबर गेलेला कुणीही गाडी ढकलत परत आला नव्हता.

म्हणून धाकट्याचं जे झालं ते त्याच्या जिव्हारी लागलं.

धाकटा त्याचा शाळेपासूनचा मित्र. बंदरावर क्रेन चालवायचा. मोठ्या बहिणीच्या पाठचा, म्हणून घरात धाकटा, आणि मग सगळ्या गल्लीतच धाकटा. हिवाळा सरत आला असताना एके दिवशी तो दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला आणि पठारावर एकट्याने जायचं तर भरलेल्या टाकीवर किती आत जाता येईल, असं त्याने विचारलं. थेंब्यापुढे गिऱ्हाईक बसलं होतं. काच पुसता पुसता त्याने सांगितलं की कोरड्या नदीपर्यंत जा आणि तिथून वळ. पलीकडे वाळू आहे, वाळू पेट्रोल पिते. धाकट्याने मान डोलावली आणि गेला. पठाराच्या तोंडाशी एक पंप आहे. दुसऱ्या दिवशी तिथे त्याने टाकी भरून घेतली, एवढं पंपवाल्याने पाहिलं. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

शोध सुरू झाला तेव्हा पोलिसांनी थेंब्यालाच विचारलं, की तो कुठवर जाऊ शकला असेल. थेंब्याने हिशेब करून नदीच्या थोडं पुढे एक रेघ मारून दिली. ह्यापलीकडे गेलं तर त्याच्या टाकीवर परत येता येत नाही, तो जायचाच नाही, असं तो छातीठोकपणे म्हणाला. पोलिसांनी त्या रेघेच्या अलीकडची घळन् घळ पालथी घातली. काही सापडलं नाही. हळूहळू माणसं कमी झाली आणि मग शोध थांबलाच.

उन्हं तापायला लागल्यावर रस्त्याची मोजणी करणारी काही माणसं त्या बाजूला गेली होती. नदीपलीकडे, त्या रेघेच्याही पुढे वाळूत, त्यांना पेट्रोलचा एक प्लास्टिकचा कॅन सापडला. तो पोलिसांकडून धाकट्याच्या घरी आला आणि ताईने पाहताक्षणी ओळखला. ताई म्हणजे धाकट्याची मोठी बहीण. ती शाळेची बस चालवायची. बसमधल्या जुन्या सीटबेल्टचा पट्टा तिनेच त्या कॅनला शिवून दिला होता.

कॅन घेऊन ती तशीच दुकानात आली आणि काउंटरवर ठेवून म्हणाली, "ह्यात पाच लिटर मावतं. आता सांग, कुठवर गेला असेल?"

थेंब्या कॅनकडे बघतच राहिला. जादा पेट्रोल नेणार असल्याबद्दल धाकट्याने त्याच्याकडे चकार शब्द काढला नव्हता. म्हणजे आपण मारून दिलेली रेघच चुकीची होती. इतकी माणसं इतके दिवस चुकीच्या जागी शोधत फिरली, हे त्याच्या ध्यानात आलं.

"कड्यापर्यंत," तो म्हणाला. "वाळूत अडकला नसेल तर पार कड्यापर्यंत."

पोलिसांनी गाडी मिळाली की माणसं पाठवतो असं ताईला सांगितलं होतं. तिला धीर नव्हता. तिच्याकडे एक जुनी, हलकी मोटरसायकल होती. धाकट्याला चालवायला तिनेच त्या गाडीवर शिकवलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी जाणार, ती म्हणाली, तू आलास तर बरं, नाही आलास तरी जाणार.

सफरीचा बेत ताईच्याच घरी, जेवणाच्या टेबलावर बसून ठरला. तिच्या गाडीची टाकी लहान, तेव्हा सगळा हिशेब तिच्या गाडीवर. थेंब्याची टाकी मोठी होती, शिवाय दोन भरलेले कॅन तो आपल्या गाडीला बांधणार होता. वाळूचा पट्टा धरून कड्यापर्यंत जाऊन परत येणं जेमतेम बसत होतं, तेही वारा पडलेला असेल तर. म्हणून त्याने एक आकडा ठरवला. पंपापासून पंच्याण्णव किलोमीटर भरले की काहीही होवो, वळायचं. शाळेतल्या मुलांच्या आईबापांना म्हणते त्याच सुरात ताई म्हणाली, बरं.

धाकट्याची आई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मुलगा आता जिवंत हाती लागायचा नाही हे तिला कळून चुकलं होतं. पण कसा गेला ह्याचं तिने आपल्यापुरतं एक उत्तर करून ठेवलं होतं. पेट्रोल संपलं असणार आणि पोर मदत शोधायला चालत निघालं असणार. आल्यागेल्याला ती हेच सांगायची. जाताना कसा हसून गेला, हेही सांगायची. थेंब्याशी मात्र ती बोलली नाही. त्याच्यापुढे चहा ठेवला तोही ताईने.

निघाले तेव्हा हवा शांत होती. पंपावर दोघांनी टाक्या काठोकाठ भरल्या. पठारावर ऊन वर आलं तसा वारा सुटला आणि तोही नेमका समोरून. नदीपर्यंत ठीक गेलं. नदी ओलांडल्यावर चाकं रुतायला लागली. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. ताई दोनदा पडली आणि दोन्ही वेळा गाडी उचलून पुन्हा बसली. वाळू संपली तोवर ताईच्या टाकीत ओतून एक कॅन रिकामा झाला होता आणि पुढच्या दगडधोंड्यांत दुसराही झाला. वाटेत धाकट्याची काही खूण नव्हती.

आकडा पंच्याण्णववर आला तेव्हा थेंब्याने हात वर करून गाडी थांबवली. ताई त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"वळायचं, ताई."

"तू वळ."

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," ती म्हणाली. "मी मोडतेय."

इथून पुढे गेलो तर तुझ्या गाडीला परत यायला पेट्रोल उरणार नाही, हे त्याने तिला समजावलं. मग गाडी इथेच टाकीन आणि तुझ्या मागे बसेन, ती म्हणाली. तिने हेल्मेटची काच खाली ओढली आणि ती निघालीसुद्धा.

कड्याशी पोचायला फार वेळ लागला नाही. पठार तिथे सुरीने कापल्यासारखं संपतं. धाकट्याची गाडी त्यांना लांबूनच दिसली. पडलेली नव्हती, आपटलेली नव्हती. साइड स्टँडवर नीट उभी होती, आणि स्टँड मातीत रुतू नये म्हणून खाली चपटा दगड ठेवलेला होता. हेल्मेट हँडलला अडकवलेलं, हातमोजे घडी करून त्यात घातलेले. सगळ्यावर धुळीचा जाड थर होता.

ताई कड्याच्या टोकाशी गेली, ओणवी झाली आणि तशीच थांबली. खाली, खूप खाली, खडकांत धाकट्याचं निळं जाकीट दिसत होतं. थेंब्यानेही जाऊन पाहिलं. खाली उतरायला वाट नव्हती आणि उतरून करण्यासारखंही काही राहिलं नव्हतं. त्याने ताईला दंडाला धरून मागे घेतलं.

मग काय करावं ते न सुचून तो गाडीकडे गेला. हातांना सवय असते. टाकीच्या खालचा कॉक त्याने चाचपून पाहिला. टाकी संपत आली की माणूस तो रिझर्व्हला लावतो. कॉक रिझर्व्हला नव्हता. किल्ली गाडीलाच होती. त्याने ती फिरवली आणि किक मारली. पहिल्या एक-दोन किकांना नुसतीच घरघर झाली. मग गाडी सुरू झाली.

तो आवाज त्या मोकळ्या जागेत फार मोठा वाटला. थेंब्याने घाईघाईने गाडी बंद केली, पण ताईने मान वळवली होती. धाकट्याचं पेट्रोल संपलंच नव्हतं, हे तिला कळायला कुणी सांगायची गरज उरली नाही.

"किती आहे?" तिने विचारलं.

त्याने टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. "पंपापर्यंत परत आला असता. आरामात."

बोलल्यावर त्याला वाटलं, आरामात म्हणायला नको होतं.

ताई गाडीच्या सावलीत खाली बसली. मग ती बोलायला लागली. वर्षभर धाकट्याला झोप नव्हती. क्रेनच्या केबिनमध्ये तो चढून बसायचा आणि कशालाच हात लावायचा नाही, असं त्याच्या मुकादमाने तिला येऊन सांगितलं होतं. तिने ते आईच्या कानावर जाऊ दिलं नाही. त्याला डॉक्टरकडे नेलं, दोनदा तो आला, तिसऱ्यांदा आला नाही. एकदा सकाळी ती बस बाहेर काढत असताना त्याने विचारलं होतं, आईचं तू एकटी सांभाळशील ना. तिला उशीर होत होता. वेड्यासारखं बोलू नकोस, ती म्हणाली होती, फाटक धर. आणि त्याने फाटक धरलं होतं.

थेंब्या ऐकत राहिला. आपण गिऱ्हाइकापुढून उठलो असतो, त्याच्या तोंडाकडे पाहिलं असतं, तर कदाचित काही कळलं असतं, असं त्याला वाटलं.

"तुझ्याकडे नळी आहे ना?" ताईने विचारलं. "ह्याच्या टाकीतलं माझ्या टाकीत घे."

ते करणं भागच होतं, नाहीतर ताईची गाडी परत पोचली नसती. त्याने नळी लावली आणि पेट्रोल उतरवायला लागला. तिला पुरेल एवढं झाल्यावर तो नळी काढणार, तेवढ्यात ती म्हणाली, "सगळं काढ."

"एवढं लागणार नाही."

"सगळं काढ. काही ठेवू नकोस."

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "ताई, मग सगळे म्हणतील, पेट्रोल संपलं."

"हो."

"मी सांगितलं म्हणून गेला आणि संपलं, असं म्हणतील. नदीशी वळ म्हटलं होतं, हे कुणाला पटणार नाही."

तिने नजर चुकवली नाही. "म्हणतील. तुझ्या डोक्यावर खापर फुटेल, मला माहीत आहे. मी कर म्हणत नाही. विचारतेय."

थेंब्याने उरलेलं पेट्रोल आपल्या टाकीत आणि रिकाम्या कॅनमध्ये घेतलं. तळाशी जे नळीला येईना त्यासाठी त्याने गाडी पुन्हा सुरू केली आणि ते दोघं बाजूला उभे राहिले. इंजिन बराच वेळ चाललं. मग अडखळलं. त्याने कॉक रिझर्व्हला फिरवला, तसं पुन्हा थोडं चाललं, ठसकलं आणि बंद पडलं. नंतर वाऱ्याचाच आवाज राहिला. ताईने पुढे होऊन आपल्या बाहीने सीटवरची धूळ पुसली. मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन ती थांबली.

पंपावरून त्यांनी पोलिसांना कळवलं. दोन दिवसांनी दोर लावून धाकट्याला वर आणलं. गाडीची टाकी कोरडी ठणठणीत, कॉक रिझर्व्हला. पेट्रोल संपल्यावर हा फोनला रेंज मिळते का पाहायला कड्याशी गेला असेल आणि अंधारात पाय घसरला असेल, असं पोलिसांनी लिहिलं. कुणालाही ते पटण्यासारखंच होतं.

सगळं पार पडल्यावर थेंब्या एकदा घरी गेला. आईने त्याला समोर बसवलं. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहत होती.

"कुठवर जायचं ते तूच सांगितलंस ना त्याला?"

"हो, काकू."

"मग कमी कसं पडलं?"

ताई दारात उभी होती. ती काही बोलेल असं त्याला क्षणभर वाटलं. नंतर वाटलं, बोलू नये.

"वाऱ्याचा अंदाज चुकला माझा," तो म्हणाला.

आईच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडल्यासारखं झालं. मग आवाज न चढवता तिने सांगितलं, की ह्यापुढे ह्या घरात येऊ नकोस. तो उठला, दारात ताईच्या बाजूने वाट काढून बाहेर पडला आणि पुन्हा कधी गेला नाही.

मित्रांपैकी तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. पण पुढच्या सफरीचा बेत ठरल्याचं थेंब्याला नंतर कळलं आणि हिशेब दुसऱ्याच कुणीतरी केला होता. हळूहळू थेंब्याने जाणं सोडलं. गाडीवर चादर घालून ती त्याने दुकानाच्या मागच्या बोळात लावून ठेवली.

ताई मात्र अधूनमधून यायची. दुपारी शाळा सुटायच्या आधी बस दुकानासमोर लावून ती आत येऊन बसायची. आई आता दोन घास जेवते, झोपतेही, असं तिने एकदा सांगितलं. तुझं काय, असं थेंब्याने विचारलं, तर तिने नुसती मान हलवली. गिऱ्हाईक आलं की ती खुर्ची सरकवून कोपऱ्यात व्हायची. शाळा सुटायची वेळ झाली की उठायची, येते म्हणायची, आणि रिकामी बस घेऊन मुलं आणायला जायची.