दारफाळणीला चार पुरुष कमी

तुम्ही चोरी केलीत. शहरातल्या समाजकेंद्राच्या उंच खुर्च्यांवर बसणाऱ्यांनो, आमच्या खाडीकाठच्या गावातून तुम्ही चार पुरुष पळवलेत, आणि त्या चोरीला नाव दिलंत सणासुदीची सभासदसेवा!

आश्विनातली सकाळ होती. खाडीवर रुपेरी, माडांवर सोनेरी, भाताच्या लोंब्यांवर कोवळं-पोपटी ऊन. आम्हा बेने इस्राएलांचा, कोकणातल्या ज्यूंचा, दारफाळणीचा सण. कडकडीत उपास, घरांची दारं लावायची, शुभ्र वस्त्रं ल्यायची, दिवसभर देवापुढे उभं राहायचं. प्रार्थनाघराच्या शुभ्र भिंती, शुभ्र टोप्या, शुभ्र साड्या. त्या शुभ्रतेत सिगुल्लाबाई बसली होती. निःशब्द, निष्कंप, काचेच्या हंडीतल्या ज्योतीसारखी.

तिचा नवरा एलोजी गेल्या दारफाळणीलाच गेला. आज वर्ष. मृतासाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणायची तर समाजातलेच दहा पुरुष हवेत. नऊ चालत नाहीत. गावात दहाच होते. नेमके दहा.

आदल्या दुपारी तुमची बस आली. गारगार, निळीशार, पडदेवाली. तुमच्या नव्याकोऱ्या दालनातल्या प्रार्थनेला गर्दी हवी होती ना! चार वाड्यांतल्या चौघांना तुम्ही वेगवेगळं गाठलंत आणि प्रत्येकाच्या कानात तेच ओतलंत: "तुम्ही एकटेच चाललात, काका. मागे पुरेसे आहेत." मऊ गाद्यांना भुलले बिचारे. लाज तुम्हालाच वाटायला हवी. पण ती वाटायला आधी असावी लागते.

प्रार्थना चालवणाऱ्या अबाजी हजानाने बाकांवरून नजर फिरवली. पुन्हा फिरवली.

"सहाच आहोत, वहिनी."

"खाडी धरून सात," म्हातारा रहमीम पुटपुटला.

"गप रे! उपासाने भ्रमलास," हजानाने दटावलं.

"मग शेजारच्या गणू भंडाऱ्यासारख्या चौघांना टोप्या घालून उभं करा. देवाला काय कळतंय!" रहमीम म्हणाला.

सिगुल्लाबाई उठली.

"देवाला नसेल कळत. माझ्या माणसाला कळेल. साठ वर्षं तेलाचा घाणा चालवला त्याने, कधी मापात पाप केलं नाही. त्याच्या नावाला खोटी माणसं? नको."

दुपार पिवळली, सांज तांबडली, खाडी जांभळली. मेंढ्याचं शिंग फुंकलं गेलं. दीर्घ, आर्त, एकाकी. उपास सुटला. कद्दीश झालं नाही. सहा जण पायऱ्या उतरले. ती उतरली नाही.

आता ती रोज मला, त्या सहांतल्या एकाला, विचारते, "त्याचं कधी म्हणणार रे?" वर्षाचा तो दिवस तर टळून गेला, मी काय सांगू तिला? तुमच्या गार दालनातून बाहेर या. ऊन सोसत, धूळ खात, इथवर या. या म्हातारीच्या कोरड्या, अथांग, अढळ डोळ्यांसमोर उभे राहा, आणि तुमच्याच तोंडाने उत्तर द्या.

बोला. ती वाट बघतेय.