गिंकोखालची सेन्सेई

मेधाचा उजवा हात वर जातो तेव्हा आधी मनगट उठतं, मागून बोटं येतात, आणि त्या बोटांच्या फटींतून टोकियोतल्या हिगाशी-कसाईचं कोवळं ऊन ठिबकत राहतं. पाण्यात भिजलेली ओढणी कुणी सावकाश वर काढावी तसं. पाऊल सरकतं, पण आवाज होत नाही. वर गिंकोची पंख्यासारखी पानं हलतात, खाली तिची सावली हलते, आणि या दोहोंत कोण कुणाची नक्कल करतं, हे शेजारच्या बाकावर बसून बघणाऱ्या मला अजून कळलेलं नाही.

हीच मेधा पूर्वी वाऱ्याला मागे टाकायची. आमच्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. सायकलच्या पुढच्या टोपलीत भाजी, मागच्या सीटवर लेक, खांद्याला ऑफिसची बॅग आणि तोंडाने अखंड बडबड. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लेझीम तिचं, रांगोळी तिची, शेवटी उरलेली भांडी घासणारे हातही तिचेच. जिन्यात तिच्या पावलांचा तडतडाट झाला, की मी घड्याळाकडे न बघता कुकर लावत असे.

मग तो ताप आला. ताप सगळ्यांनाच आला होता, चार दिवस राहून गेलाही. हिच्याकडचा मात्र उतरला तरी घर सोडून गेला नाही. जिना चढताना ती मधेच थांबायची आणि कठड्याला धरून, समोर फार सुंदर देखावा असल्यासारखी, शेजारच्या इमारतीत वाळत घातलेल्या गाद्यांची रांग बघत राहायची. बोलता बोलता शब्द हरवायचे. चहात साखर घातली की नाही, हे चमचा हातात असताना आठवायचं नाही. रिपोर्ट सगळे उत्तम. चेहराही उत्तम. तिचं दुर्दैव हेच की ती आजारी दिसत नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं, ताकद जपून वापरा, झेपेल तेवढंच हलकं हलत राहा. पुण्याच्या बहिणीने 'ताई ची' हा संथ चिनी व्यायाम शिकवणारं एक ॲप धाडलं, आणि मेधा रोज सकाळी नदीकाठच्या बागेत, बाकावर थर्मास ठेवून, त्याला फोन टेकवून उभी राहू लागली. फोनमधली पांढऱ्या कपड्यांतली बाई हळूहळू वळायची, ही तिच्यामागून वळायची. ढगांसारखे हात फिरवणं, रानघोड्याच्या आयाळीत भांग पाडणं, अशी त्या हालचालींची मोठी ऐटबाज नावं. पण मला त्या फोनमधलं आवडलं ते वेगळंच. धड्याच्या सुरुवातीला तो रोज विचारायचा, "आज किती ताकद आहे?" मेधा खरं उत्तर द्यायची, आणि तो त्याप्रमाणे धडा आखूड करायचा. पुरावा मागायचा नाही. एका काचेच्या तुकड्याला जे सुचलं, ते आमच्या अख्ख्या मंडळातल्या एकाही जिवंत माणसाला सुचू नये, याचा संताप मी आजही नीट गिळू शकत नाही.

आता गंमत ऐका. त्या बागेत सकाळी रेडिओवरच्या व्यायामाला आजूबाजूचे आजी-आजोबा जमतात. जन्मभराची सवय अशी, की एखादं यंत्र बोलतंय आणि त्यापुढे कुणी हात वर करतंय म्हटल्यावर आपण मागे ओळीत उभं राहायचं. रेडिओ संपला, की ही सगळी मंडळी मेधाच्या मागे येऊन उभी राहू लागली. गळ्यात टॉवेल, डोक्यावर टोप्या, गंभीर चेहरे. मेधाने घाबरून, वाकून वाकून सांगितलं, मी शिकवत नाही हो, मी स्वतःच आजारी आहे. त्यांनीही तितक्याच वेळा वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर! टॉवेलवाल्या आजी तर लांबूनच हाक घालायच्या, "सेन्सेई, ओहायो!" गुरुजी, सुप्रभात. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. मेधाही हसली; बऱ्याच महिन्यांनी, आणि दम न लागता.

गणपतीचे मोदक वळायला येणं यंदा झेपणार नाही, असं मेधाने मंडळाला कळवलं होतं. एका सकाळी मंडळाची अंजली सायकलवरून तिथून गेली. वाईट नाही हो ती, कामाला वाघीण आहे. पण तिच्या जगात माणसं दोनच प्रकारची, काम करणारी आणि कारणं सांगणारी. तिने झाडामागून व्हिडिओ काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला: "आमच्या मेधा सेन्सेई! जपान्यांना व्यायाम शिकवायला दम आहे, मोदकांना मात्र नाही!" खाली हसऱ्या तोंडांचा पाऊस. जी सावकाश हालचाल तिला बरं करण्यासाठी होती, तीच तिच्यावरच्या आरोपाचा पुरावा झाली.

मी बाह्या सरसावून खाली गेले. मेधा खिडकीशी बसली होती, फोन उपडा ठेवून.

"असं खरमरीत लिहिते ना, की अंजलीच्या सायकलची हवाच जाईल."

"ताई, नका. तुम्ही काही लिहू नका."

"मग काय करणार आहेस?"

"जाते ना मोदकांना. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, की प्रश्न एका दिवसाचा नाही. पण स्वतःच्या थकव्याची साक्ष पुन्हा पुन्हा देण्याचाही एक थकवा असतो, आणि तो तिला आजारापेक्षा जड झाला होता. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती हॉलच्या स्वयंपाकघरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी राहिली. उकडीच्या वाफेत तिचा चेहरा गुलाबी दिसत होता. "बस गं जरा," असं मी म्हटलं, की ती फक्त पाऱ्या मोजायची आणि हसायची. रात्री ग्रुपवर तिच्या मोदकांचे फोटो आले, आणि अंजलीचा निरोप: "बघ, मनावर घेतलंस की जमतं!"

जमलं खरं. दुसऱ्या दिवशी तिला केस विंचरायला हात उचलता आला नाही. आरतीच्या वेळी ती अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर रुमाल घेऊन पडली होती, आणि त्यानंतर कितीतरी आठवडे जिन्यात तिची ती सावकाश पावलंही ऐकू आली नाहीत.

अंजली मला कोपऱ्यावरच्या दुकानात भेटली.

"अहो सरोजताई, इतकं काय चिडायचं? गंमत केली मी. दिसत तर नव्हती आजारी."

"काय दिसायला हवं होतं तुला? कपाळावर पट्टी लावून, कण्हत मोदक वळायला हवे होते का तिने?"

तिने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. मागे कॉफीचं यंत्र एकटंच गुरगुरत राहिलं.

मेधा येणार नाही हे सांगायला मी बागेत गेले. रेडिओ संपला होता. तोडक्यामोडक्या जपानीत मी म्हटलं, सेन्सेई आजारी आहेत. आजींनी टॉवेलने तोंड पुसलं, मान डोलावली, आणि मग सगळे रोजच्या ओळीत उभे राहिले. समोर फोन नव्हता, मेधा नव्हती, रिकामा बाक तेवढा होता. त्याच्यापुढची तिची जागा कुणी व्यापली नाही. ते तिच्या आठवणीतून हात उचलू लागले. चुकत होते, एकमेकांकडे चोरून बघत होते, घोड्याचा भांग पार वाकडा पडत होता. पण रोज. मी घराच्या खिडकीतून बघत असे आणि खाली जाऊन तिला सांगत असे. ती डोळे मिटूनच विचारायची, "आजी गुडघा वाकवतात ना? त्यांना सांगा, नका वाकवू."

गिंको पिवळा धमक झाला, तेव्हा एका सकाळी ती माझ्या दंडाला धरून आली. बाकावर बसली. फोनने विचारलं, आज किती ताकद आहे? तिने सगळ्यात खालच्या खुणेवर बोट ठेवलं. मग बसल्या बसल्या, पाय न हलवता, तिने नुसते हात उचलले: आधी मनगट, मागून बोटं. मी मागे वळून बघितलं. जे बसू शकत होते ते कट्ट्यावर टेकले होते, बाकीचे पाय रोवून उभे होते, आणि सगळ्यांचे नुसते हात, कुणीही न सांगता, तेवढेच आणि तितकेच सावकाश वर येत होते.

जिन्यात तडतडणारी ती मेधा परत येईल की नाही, हे मला माहीत नाही, आणि माझा रागही निवलेला नाही. काळ पुढे जाताना माणसाची जागा बघता बघता भरून टाकतो. पण त्या पानगळीत बाकापुढची जमीन माणसाएवढी मोकळी होती, रोज कुणीतरी पहाटे येऊन तिच्यावरची पिवळी पानं झाडून ठेवत होतं.